पाहुण्यांना न दिलेलं तेल

माझ्या बहिणीचं लग्न एका बाटलीमुळे मोडता मोडता राहिलं, आणि ती बाटली दारूची नव्हती.

दारूची असती तर बरं झालं असतं. लोकांनी आमच्या वडिलांना, आप्पांना, नावं ठेवली असती, आप्पांनी मामाकडे बोट दाखवलं असतं आणि मी नामानिराळा राहिलो असतो. पण ती बाटली होती डास पळवायच्या तेलाची. ती घरात आणली मी, तिचे गुण सगळ्यांना समजावून सांगितले मी, आणि जव्हारच्या हायस्कुलात पोरांना सायन्स शिकवत होतो तोही मीच!

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आमचे आप्पा दरबारचे कारकून होते, ते मामलेदार कचेरीचे कारकून झाले. खुर्ची तीच, दौत तीच, फक्त मुजऱ्याच्या जागी नमस्कार आला. सगळं विलीन झालं, पण डास काही झाले नाहीत. पावसाळा सरला की त्यांचा दरबार पूर्वीसारखाच भरायचा आणि नजराणा आमच्याकडूनच वसूल व्हायचा. बाहेरगावी कुणी 'कुठले?' असं विचारलं आणि आम्ही 'जव्हारचे' म्हटलं, की समोरचा माणूस हळूच एक पाऊल मागे सरकायचा. "हिवतापाचं गाव ना ते?" आम्ही लगेच म्हणायचो, "छे हो! आमच्याकडे कसली थंडगार हवा. हिवताप तिकडे मोखाड्याला." मोखाड्याचे लोक खोडाळ्याचं नाव सांगायचे, खोडाळ्याचे सूर्यमाळचं. सूर्यमाळच्या पुढे नुसता डोंगर होता, नाहीतर त्यांनीही पुढे ढकलला असता.

या सगळ्याचा फटका बसला आमच्या कमलला. कमल माझी धाकटी बहीण. दिसायला छान, बोलायला त्याहून छान (आणि जरा जास्तच), सातवीची फायनल पास झालेली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. पण दोन स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि परत काही कळवलं नाही. एकांनी मात्र जाता जाता दाराशीच कुजबुजून घेतलं, "मुलगी पिवळट वाटते नाही? प्लीहा वाढली असेल." आईने ते ऐकलं आणि त्या पाहुण्यांच्या बशा तिने राखेने घासल्या.

तिसरं स्थळ नाशिकचं. मुलगा मधुकर, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. निरोप असा होता की मुलगी पसंत पडली तर लग्नानंतर ट्रेनिंग कॉलेजला जाऊ दे, आमची हरकत नाही. हे ऐकल्यावर एरवी स्थळाचं नाव काढलं की नाक मुरडणारी कमल चक्क गप्प बसली. दिवसभर गप्प. आई घाबरली. "हिला ताप तर नाही ना आला?" म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. रात्री जेवताना ती मला म्हणाली, "दादा, हे स्थळ मला हवंय. काहीही करून त्यांना आपला हिवताप दिसता कामा नये."

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी आहे ना!"

(पुढे जे काही झालं त्याचं मूळ या तीन शब्दांत आहे.)

दवाखान्यातले कंपाउंडर गोविंदराव माझे स्नेही. लढाईत ते बर्माच्या आघाडीवर होते. तिथून त्यांनी काय काय पराक्रम आणले ते रोज ऐकवायचे, पण डास पळवायचं तेल आणलंय हे मात्र कधी बोलले नव्हते. मी अडचण सांगितल्यावर त्यांनी कपाटाच्या मागून एक काळपट बाटली काढली.

"लष्कराचं आहे. सोल्जर लोक हेच लावायचे."

मी बूच काढून वास घेतला. गवती चहात रॉकेल सांडावं तसा वास. मला संशय आला. "गोविंदराव, हे पायदुखीचं तेल तर नाही ना? मागे तुम्ही खोकल्याचं म्हणून दिलंत आणि..."

"मास्तर, खोकला गेला की नाही?"

"गेला. पण तीन दिवस मी परसाकडे जाण्यापलीकडे दुसरं काही करूच शकलो नाही."

"मग झालं तर! आता ऐका. हे डास मारत नाही बरं का. डासाला माणूस दिसत नसतो, तो वासावर येतो. आपला श्वास, आपला घाम. हे तेल लावलं की त्याचं नाक चक्रावतं. जवळ येतो, बसायला बघतो आणि तसाच उडून जातो. जिथे लावाल तिथेच काम करतं. आणि घाम आला की परत लावायचं."

आता कुणी नुसतं सांगितलं आणि आपण ऐकलं, असं सायन्सच्या मास्तरने करायचं नसतं. मी प्रयोग करायचं ठरवलं. संध्याकाळी परसात अळवाच्या वाफ्याशेजारी बसलो. डाव्या हाताला तेल लावलं, उजवा कोरडा ठेवला. काय सांगू! डाव्या हातावर एकही डास टेकेना. येत होते, घिरट्या घालत होते आणि बाजूला होत होते. उजवा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत सुजून आला. मी आनंदाने ओरडत घरात गेलो.

"आप्पा, बाटली खरी आहे!"

आप्पांनी चष्मा सारखा करून माझे दोन्ही हात पाहिले. "उजव्या हाताला रोजच्यापेक्षा जास्त चावलेले दिसतात."

"तो तुलनेसाठी आहे, आप्पा. डावा बघा!"

डाव्या हाताने नाकारलेले सगळे डास गेले कुठे, हा प्रश्न वर्गातल्या एखाद्या ढ पोरानेसुद्धा विचारला असता. मला तो सुचला नाही. मी त्या सुजलेल्या उजव्या हाताने चहाची बशी धरून पुढचा बेत आखत बसलो.

बेत असा. पाहुणे तिसऱ्या प्रहरी येणार, चहा-पोहे होणार आणि दिवस मावळायच्या आत ते गेस्टहाउसवर मुक्कामाला जाणार. तरी सावधगिरी म्हणून घरच्यांनी तेल लावून बसायचं. आपण खाजवताना दिसलो नाही की पाहुण्यांची खात्री पटेल. मच्छरदाण्या माळ्यावर. क्विनाइनची बाटली तांदळाच्या डब्यात. हिवताप खात्याच्या लोकांनी घरोघर फवारा मारला होता, त्याचे भिंतीवर पांढरे ओघळ राहिले होते. त्यांच्यावर मी देवांची चित्रं टांगली. (एक ओघळ फारच खाली होता. तिथे गुडघ्याच्या उंचीवर दत्तगुरू लटकत होते.) आणि मुख्य म्हणजे धूर करायचा नाही. रोज दिवेलागणीला आमच्याकडे शेणीवर कडुनिंबाचा पाला टाकून घरभर धूर फिरवायचे. पण धूर दिसला म्हणजे डास आहेत हे कबूल केल्यासारखंच की!

"आणि पाहुण्यांना तेल?" आईने विचारलं.

"आई! पाहुण्यांना 'या बसा, हे तेल लावा' असं म्हणणार? मग लपवाछपवी कशाला करतोय आपण?"

"खरंच की," आई म्हणाली. आप्पाही म्हणाले, "खरंच की." घरात विचार करणारं कुणी नसलं की असं एकमत होतं.

आमच्याकडे जवळच्या पाड्यावरची जानकी धुण्याभांड्यांना यायची. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. मामलेदार आले तरी "पाणी पी, बस" म्हणायची. तिने बाटलीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"दादा, त्या दवाखान्यातल्याचा भरवसा नाय. गेल्या साली माझ्या बाला पोटदुखीवर दवा दिली, तर त्याच्या डोक्याचे केस गेले."

"जानकी, तुझ्या बापाला टक्कल आधीपासून होतं."

"होतं, पण एवढं नव्हतं!"

ऐन दिवशी कमलने गोंधळ घातला. सगळ्यांनी तेल चोपडलं, आप्पांनी तर कानामागेसुद्धा चोपडलं, आणि ही म्हणते, "मी नाही लावणार."

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"उद्या तो मला हो म्हणाला तर? सासरी गेल्यावर बाटली काखेत घेऊन फिरू? मला डोकं दुखतं त्या वासाने." आणि ती पदर सावरून आत गेली. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खांदे उडवले आणि खांद्यालाही थोडं तेल लावून घेतलं.

दुपार टळली. पाहुण्यांचा पत्ता नाही. मोटार स्टँडवर चौकशी केली तेव्हा कळलं की नाशिकची मोटार घाटात बसली आहे आणि क्लीनर मोखाड्याला पंक्चरवाला शोधायला गेला आहे. आम्हाला घाम फुटला. घाम आला म्हणून परत तेल लावलं. मोटार येईना, पुन्हा घाम, पुन्हा तेल. अशी आवर्तनं होत होत दिवस मावळायला टेकला आणि ज्या घटकेला आमच्याकडे रोज धूर करतात, नेमक्या त्याच घटकेला पाहुणे दारात उभे राहिले!

मधुकर, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आत्याबाई म्हणजे करारी बाई. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात छत्री. दारातच त्या थबकल्या आणि त्यांनी नाक वर केलं.

"कसला वास येतो हो?"

"बागेत गवती चहा आहे," मी म्हणालो.

"आणि रॉकेल?"

"शेजाऱ्यांकडे," आप्पा म्हणाले. आप्पांनी आयुष्यभर कचेरीत उत्तरं दिली होती, ते अडकणारे नव्हते.

पाहुण्यांना पलंगावर नवीन गादी घालून बसवलं. आम्ही समोर खुर्च्यांवर बसलो. या खुर्च्यांना आदल्या आठवड्यात मी स्वतः वार्निश दिलं होतं. कशा चकाकत होत्या! आप्पांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ऐसपैस टाकले. मीही टाकले. आमच्या चेहऱ्यावर अशी शांती होती की जणू या गावात डास नावाचा प्राणी आमच्या पूर्वजांनीही पाहिला नव्हता.

पहिली चापट मधुकरच्या वडिलांनी मारली. मानेवर. मग मधुकरने गालावर. मग आत्याबाईंनी छत्री खाली ठेवली, कारण एका हाताने भागेना. आमच्या घरातले, परसातले, अळवाच्या वाफ्यातले, शेजारच्या विहिरीवरचे, जेवढे म्हणून डास होते ते येत होते. आमच्यापाशी येत, जरा घिरटी घालत, आणि समजूतदारपणे वळून पलंगाकडे जात. मी ते डोळ्यांनी पाहत होतो. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या उजव्या हाताचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

"डास बरेच आहेत तुमच्याकडे," मधुकरचे वडील म्हणाले.

"डास?" आप्पांनी इकडे तिकडे पाहिलं. "कुठे?"

"हा काय!" त्यांनी तळहात उघडून दाखवला.

"अच्छा, हा. हा तुमच्याबरोबर मोटारीतून आला असेल."

आत्याबाईंचे डोळे बारीक झाले. त्यांनी आधी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या आईकडे. आम्ही तिघंही निश्चल. एक डास आप्पांच्या नाकासमोर आला, थांबला आणि निघून गेला. आत्याबाईंनी त्याच्या पाठोपाठ मान वळवली. तो त्यांच्याच मनगटावर बसला.

"तुम्हाला कसा चावला नाही?"

"आमची सवय आहे," मी म्हणालो.

"सवय तुमची असेल. डासाला काय त्याचं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या भावाच्या कानाशी लागल्या, पण दबक्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती. "दादा, यांच्या रक्तात काहीतरी आहे. वर्षानुवर्षं क्विनाइन खाऊन यांचं रक्त कडू झालंय. डाससुद्धा तोंड लावत नाही. अशा घरातली मुलगी!"

दाराच्या फटीतून कमलचा डोळा दिसला. त्या डोळ्यात पाणी होतं आणि ते पाणी पाहून मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात आईने प्रसंग सावरायला पोहे आणले.

आता पोहे म्हणजे आईची शान. पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी तिने प्रत्येक बशीवर आपल्या हाताने ओलं खोबरं भुरभुरलं होतं. त्याच हातांनी, ज्यांवर दुपारपासून तिसऱ्यांदा तेल चोपडलं होतं! आत्याबाईंनी घास घेतला. थांबल्या. चावल्या. परत थांबल्या.

"पोहे कडू आहेत."

आईचा चेहरा लाल झाला. "माझे पोहे? कडू?" तिने एक घास चाखला आणि तिचाही चेहरा वेडावाकडा झाला, पण ती बोलली काय? "खोबरं जून होतं!"

"खोबरं जून झालं तर खवट लागतं, कडू नाही लागत," आत्याबाई म्हणाल्या आणि बशी खाली ठेवली. "मला कळलं. तुम्ही आम्हाला न विचारता पोह्यातून क्विनाइन चारताय! म्हणजे इथे राहिलं की ताप येणार याची तुम्हाला खात्री आहे!"

"अहो, शपथ घेतो..." म्हणत आप्पा उठायला गेले. पण उठले नाहीत. कारण त्यांचे हात खुर्चीला चिकटले होते. त्या तेलाने वार्निश विरघळतं, हे मला गोविंदरावांनी सांगितलं नव्हतं (आणि मी विचारलंही नव्हतं, कारण डासाला वार्निश नसतं). आप्पांनी जोर लावला. चर्रर्र आवाज झाला आणि हात सुटले, पण खुर्चीचा चकाकता तपकिरी रंग त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आला. ते पाहून आप्पा पुन्हा बसले.

"काय झालं?" मधुकरच्या वडिलांनी विचारलं.

"काही नाही. बसावंसं वाटलं."

मी आप्पांच्या मदतीला जावं म्हणून हात उचलायला गेलो, तर माझेही चिकटलेले. मी तसाच बसून राहिलो. एवढ्यात आप्पांच्या चष्म्याने मान टाकली. कानामागे चोपडलेल्या तेलाने त्याच्या काड्या मऊ पडल्या होत्या. चष्मा एका बाजूला झुकला, मग ओठांपर्यंत घसरला. आप्पांनी तो सावरायला बोट लावलं तर काडीच वाकून त्यांच्या बोटाला चिकटली. त्यांनी बोट झटकलं. चष्मा उडून थेट आत्याबाईंच्या पोह्यात पडला.

फक्त चापट्या ऐकू येत होत्या.

"दादा," आत्याबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी छत्री उचलली, "हे घर मला ठीक वाटत नाही. माणसं खुर्चीला चिकटतात, चष्मे वितळतात, डास टाळतात. मुलगी न बघताच निघू या. मला यांच्या देवांचीसुद्धा खात्री वाटेना. ते दत्तगुरू तिथे जमिनीला का लागलेत?"

आप्पांनी तपकिरी हात पाठीमागे लपवले. आईने पदर तोंडाला लावला. सगळं संपलं होतं आणि ते मी संपवलं होतं. आणि अगदी तेव्हाच आतलं दार उघडलं.

कमल बाहेर आली. हातात चहाचा ट्रे नाही, डोक्यावर पदर नाही. गालावर दोन गांधी, कपाळावर एक, हातावर तर मोजायची सोय नव्हती. तिने सरळ आत्याबाईंकडे पाहिलं.

"बसा, आत्याबाई. मी सांगते. आमच्याकडे डास आहेत. पुष्कळ आहेत. रोज संध्याकाळी आम्ही धूर करतो आणि मच्छरदाणीत झोपतो. मला दोन वेळा हिवताप आला, दोन्ही वेळा बरी झाले. या तिघांनी डास पळवायचं तेल लावलंय. त्याने डास मरत नाहीत, नुसते वाट बदलतात. तुम्हाला तेल दिलं असतं तर डास आहेत हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून दिलं नाही. पोह्यात क्विनाइन नाही, आईच्या हाताचं तेल आहे. आणि क्विनाइन कुठे आहे विचाराल तर तांदळाच्या डब्यात आहे."

"तू लावलं नाहीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. हे बघा ना!" आणि कमलने चटकन आपल्या दंडावर चापट मारली. त्याच क्षणी मधुकरने आपल्या कपाळावर मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मधुकर हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. "म्हणजे," तो मला म्हणाला, "तुमच्या वाट्याचेसुद्धा आम्हालाच?"

"हो," मी म्हणालो. माझा एक हात अजून खुर्चीतच होता.

मधुकरचे वडील खोकल्याचं निमित्त करून हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कमलच्या गालावरच्या गांधी जवळून पाहिल्या. मग छत्री भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "या घरात एक तरी माणूस खरं बोलतं. लोक म्हणतात तशी पिवळी-बिवळी काही नाही हो, चांगली तांबूस आहे. चावून चावून झाली असेल." आणि लगेच माझ्याकडे वळून, "आणा इकडे ती बाटली."

मी खुर्चीतून हात सोडवून (कातडीचा थोडा भाग तिथे ठेवून) बाटली आणली. त्यांनी वास घेतला, दोन थेंब बोटावर घासून पाहिले, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मग मानेला, हातांना, पायांना असं मन लावून तेल चोपडलं की भावाच्या वाट्याला तळाचं उरलं आणि मधुकरला नुसता बुचाचा वास. आता खोलीत तेल न लावलेली दोनच माणसं राहिली. सगळ्या डासांनी मोर्चा वळवला. जानकी परसातून ओरडली, "आता तरी धूर करू का रे दादा?"

"कर, बाई, कर!"

तिने अंगणात शेणी पेटवल्या आणि पाला टाकला. खोकत, डोळे चोळत मधुकर आणि कमल त्या धुराजवळ जाऊन बसले, कारण दुसरीकडे बसायची सोयच नव्हती. आत्याबाई ओसरीवर पहाऱ्याला बसल्या होत्या. पण धुरात त्यांना काही दिसत नव्हतं आणि वितळलेला चष्मा हातात घेऊन आप्पांना तर काहीच दिसत नव्हतं. दोघं बरंच बोलले. काय बोलले ते कमलने कधी सांगितलं नाही. पाहुणे निघताना मात्र मधुकर आप्पांना म्हणाला, "ट्रेनिंग कॉलेजचे फॉर्म मार्चमध्ये निघतात. लग्न त्याआधी झालं तर बरं." आई आत पळाली, देवापुढे साखर ठेवली आणि हात धुवायचे राहिले हे लक्षात येताच ती साखरही तिने टाकून दिली.

लग्न जव्हारलाच झालं, माघात, गोरज मुहूर्तावर. दारापुढे मांडव, नाशिकहून वऱ्हाड, आप्पांना नवा चष्मा. कमल एवढी आनंदात होती की तिच्याकडे पाहून मला भरून आलं. तिचा संसार उभा राहतोय आणि मी तो मोडला नाही, याचंच मला मोठं अप्रूप वाटत होतं. मग कानपिळी आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि 'माझ्या बहिणीला नीट सांभाळा' अशी तंबी द्यायची. मी छाती पुढे काढून बोहल्याजवळ गेलो आणि हात पुढे केला. मधुकरने माझा हात मधेच धरला. आपल्या नाकाशी नेला. डोळे मिटून सावकाश हुंगला. आणि मग कमलकडे पाहून एकच शब्द बोलला.

"लावलंय."

मी मान खाली घातली. काय करणार? संध्याकाळची वेळ, मांडवाशेजारीच विहीर, आणि गोविंदरावांकडे दुसरी बाटली निघाली होती. त्याने हसत कान पुढे केला, मी तो पिळला आणि सबंध मांडवभर टाळ्यांचा कडकडाट झाला. आपली चूक लोकांनी किती मोठ्या मनाने घेतली, असं वाटून मी भारावून मागे वळलो आणि हात जोडले.

वऱ्हाड डास मारत होतं.